ट्रॅव्हर्स ट्विस: कॅटलान जहाजांची नावं इंग्रजीत नेणारा वकील, ज्याचं स्वतःचं नाव एका खटल्यात बुडालं

मार्च १८७२. लंडनच्या सदर्क भागातल्या एका साध्या पोलीस कोर्टात रोज गर्दी होत होती. वर्तमानपत्रांचे बातमीदार जागा पकडून बसत होते. साक्षीदाराच्या पिंजऱ्यात एक स्त्री होती आणि तिला एकच गोष्ट पुन्हा पुन्हा विचारली जात होती. ती जे नाव सांगते, ते खरंच तिचं आहे का?

काही दिवस तिने उत्तरं दिली. मग एके दिवशी ती कोर्टात आलीच नाही. ती इंग्लंड सोडून निघून गेली होती.

तिचे पती होते सर ट्रॅव्हर्स ट्विस. ब्रिटिश साम्राज्याला आंतरराष्ट्रीय कायद्यावर सल्ला देणारे सर्वोच्च वकील. त्याच महिन्यात त्यांनी आपली सगळी पदं सोडली.

त्यानंतर दोन वर्षांनी, १८७४ मध्ये, एक जाडजूड ग्रंथ प्रकाशित झाला. मध्ययुगातल्या बार्सिलोना आणि व्हॅलेन्सियाच्या खलाशांचे कायदे त्यात होते. एका पानावर मूळ कॅटलान आणि समोरच्या पानावर इंग्रजी. संपादक होते तेच ट्रॅव्हर्स ट्विस.

आज समुद्राच्या इतिहासाचे अभ्यासक त्यांना या ग्रंथासाठी ओळखतात. आफ्रिकेच्या इतिहासाचे अभ्यासक मात्र त्यांना वेगळ्याच कागदासाठी ओळखतात. त्या कागदाचं नाव आहे काँगो फ्री स्टेटची राज्यघटना.

एका माणसाच्या आयुष्यात या तीन गोष्टी कशा आल्या, ते पाहूया.

पाद्रीबाबांचा हुशार मुलगा

ट्रॅव्हर्स ट्विस यांचा जन्म १९ मार्च १८०९ रोजी लंडनमध्ये झाला. वडील रॉबर्ट ट्विस हे चर्चमध्ये धर्मोपदेशक होते. ट्रॅव्हर्स हे त्यांचे थोरले चिरंजीव.

शिक्षण झालं ऑक्सफर्डच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात. १८३० मध्ये पदवी मिळाली. गणितात पहिला वर्ग होता आणि ग्रीक-लॅटिन या अभिजात विषयांत दुसरा. लगेच त्याच कॉलेजात फेलोशिप मिळाली आणि ते तिथेच शिकवू लागले.

त्यांना जर्मन चांगली येत होती. त्या काळातल्या ऑक्सफर्डमध्ये ही फार सर्रास गोष्ट नव्हती. जर्मन इतिहासकार नीबूर यांच्या रोमच्या इतिहासाचा सारांश त्यांनी इंग्रजीत काढला. रोमन इतिहासकार लिव्ही यांच्या ग्रंथाची टिपांसह आवृत्तीही तयार केली. म्हणजे परक्या भाषेतला जुना मजकूर घ्यायचा, त्यातला एकेक शब्द तपासायचा आणि आपल्या वाचकांपुढे ठेवायचा, ही सवय त्यांना तरुणपणीच लागली होती.

१८४० मध्ये ते वकील झाले. त्यांनी वाट निवडली ती डॉक्टर्स कॉमन्सची. डॉक्टर्स कॉमन्स ही लंडनमधली वकिलांची एक जुनी संस्था. नेहमीच्या दिवाणी-फौजदारी कोर्टांपेक्षा इथलं काम वेगळं होतं. लग्नं, मृत्युपत्रं, चर्चचे वाद आणि समुद्रावरचे खटले इथे चालायचे. या वकिलांचा पाया इंग्लंडच्या देशी कायद्यापेक्षा रोमन कायद्यात जास्त असायचा. त्यामुळे फ्रान्स, इटली, स्पेनचे जुने कायदे वाचणं हा त्यांच्या पोटापाण्याचाच भाग होता.

पुढची ३० वर्षं चढती कमान होती. १८४२ ते १८४७ ऑक्सफर्डमध्ये अर्थशास्त्राचे प्राध्यापक. १८५२ पासून लंडनच्या किंग्ज कॉलेजात आंतरराष्ट्रीय कायद्याचे प्राध्यापक. १८५५ ते १८७० ऑक्सफर्डमध्ये सिव्हिल लॉचे प्राध्यापक. १८५८ मध्ये लंडनच्या बिशपच्या अखत्यारीतले चान्सलर, म्हणजे चर्चच्या न्यायालयाचे न्यायाधीश. १८६२ मध्ये नौदलाच्या खात्याचे वकील. आणि १८६७ मध्ये क्वीन्स ॲडव्होकेट जनरल, सोबत 'सर' हा किताब.

शेवटचं पद सगळ्यात मोठं. परराष्ट्र खात्याला दुसऱ्या देशांशी वाद झाला, कोणाचं जहाज पकडलं, कोणाचा माल जप्त केला, की मत विचारलं जायचं ते क्वीन्स ॲडव्होकेटचं.

ब्लॅक बुक म्हणजे काय?

इंग्लंडच्या ॲडमिरल्टीकडे, म्हणजे समुद्राचा कारभार पाहणाऱ्या खात्याकडे, मध्ययुगापासून एक हस्तलिखित होतं. ॲडमिरलचे अधिकार काय, जहाजावर गुन्हा झाला तर शिक्षा काय, लढाईत पकडलेल्या मालाची वाटणी कशी, हे सगळं त्यात होतं. त्याला ब्लॅक बुक ऑफ द ॲडमिरल्टी म्हणत.

पण १९व्या शतकापर्यंत मूळ प्रत गहाळ झाली होती. वकील त्याचे दाखले द्यायचे, पण ते नकलांवरून.

इंग्लंडमधली जुनी कागदपत्रं सरकारी खर्चाने छापण्याची एक मोठी योजना तेव्हा सुरू होती. रोल्स सीरिज या नावाने ती ओळखली जाते. या योजनेत ब्लॅक बुकचं काम ट्विस यांच्याकडे आलं. पहिला खंड १८७१ मध्ये नकलांच्या आधारे छापला गेला. पुढच्या खंडांचं काम चालू असतानाच हरवलेली मूळ प्रत सापडली.

ट्विस यांनी हे काम फक्त इंग्लंडच्या कागदांपुरतं ठेवलं नाही. समुद्राचा कायदा एका देशाचा नसतो. जहाज एका बंदरात बांधलं जातं, दुसऱ्या बंदरात माल भरतं आणि तिसऱ्यात उतरवतं. त्यामुळे युरोपातल्या इतर बंदरांचे जुने कायदेही त्यांनी पुढच्या खंडांत घेतले. त्यातला सगळ्यात मोठा आणि सगळ्यात महत्त्वाचा होता कॅटलान भाषेतला.

कॅटलान खलाशांचा कायदा

बार्सिलोना म्हटलं की आज फुटबॉल आठवतो. पण १३व्या आणि १४व्या शतकात बार्सिलोना, व्हॅलेन्सिया आणि मायोर्का ही भूमध्य समुद्रावरची मोठी व्यापारी ताकद होती. सिसिली, सार्डिनिया, उत्तर आफ्रिका, इजिप्तपर्यंत त्यांची जहाजं जायची. या सगळ्या व्यवहाराची भाषा होती कॅटलान. ही स्पॅनिशची बोली नाही. लॅटिनमधून आलेली ती स्वतंत्र भाषा आहे.

व्यापार वाढला तसे वादही वाढले. ते सोडवण्यासाठी बंदरांत खास न्यायसभा बसल्या. व्हॅलेन्सियात अशी न्यायसभा १२८३ मध्ये सुरू झाली. या सभांना कोन्सोलात दे मार म्हणत, आणि त्यांच्यासमोर चालणारे रूढ नियम ज्या ग्रंथात लिहिले गेले, त्यालाही पुढे तेच नाव पडलं. १५व्या शतकाच्या अखेरीस तो बार्सिलोनात छापला गेला आणि पुढे अनेक भाषांत गेला.

हे नियम वाचायला आजही मजा येते. कारण ते थेट जहाजावरच्या जगण्यातून आले आहेत.

उदाहरणार्थ, उंदरांनी माल कुरतडला तर भरपाई कोणी द्यायची? जहाजावर मांजर ठेवलं नसेल तर जहाजाच्या मालकाने. पण माल भरताना जहाजावर मांजरं होती आणि निघाल्यावर ती मेली असतील, तर त्याच्यावर जबाबदारी येत नाही.

वादळात जहाज हलकं करायला माल समुद्रात टाकावा लागला तर? आधी व्यापाऱ्यांना विचारायचं. पहिली वस्तू व्यापाऱ्याच्या हातून टाकली गेली पाहिजे. मग नुकसान सगळ्यांत वाटलं जाईल.

जहाजावरच्या कारकुनाने हिशेबाच्या वहीत खोटी नोंद केली तर? त्याचा उजवा हात तोडायचा, कपाळावर डाग द्यायचा आणि मालमत्ता जप्त करायची. कारण ती वही म्हणजेच पुरावा होता.

आणि एक नियम तर ट्विस यांच्या रोजच्या कामाचा होता. युद्ध चालू असताना मित्राच्या जहाजात शत्रूचा माल सापडला तर तो जप्त करता येतो. पण शत्रूच्या जहाजातला मित्राचा माल मित्राचाच राहतो. १८५६ मध्ये पॅरिसच्या जाहीरनाम्याने यातला पहिला भाग बदलला. तोपर्यंत शेकडो वर्षं युरोपातले वकील या कॅटलान नियमाचा दाखला देत होते.

नाउ, लेन्य आणि भाषांतराचा घोळ

आता खरी अडचण. हे नियम ज्या जहाजांबद्दल आहेत, त्यांना इंग्रजीत म्हणायचं काय?

ग्रंथात दोन शब्द सतत जोडीने येतात. नाउ आणि लेन्य. नाउ म्हणजे शिडाचं मोठं मालवाहू जहाज. हा शब्द लॅटिन नाविस या शब्दावरून आला, आणि त्याचं मूळ तेच जे आपल्या नौका आणि नाव या शब्दांचं. त्यामुळे मराठी माणसाला तो लगेच ओळखीचा वाटतो.

लेन्य जरा अवघड. लॅटिनमध्ये लिग्नुम म्हणजे लाकूड. त्यावरून लेन्य. म्हणजे शब्दशः अर्थ लाकूड, पण वापर मात्र नाउपेक्षा लहान जहाजासाठी. ते कधी शिडाचं असायचं, कधी वल्ह्यांचंही. इंग्रजीत याला सरळ जोडीचा शब्दच नाही.

माणसांच्या पदांचीही तीच गत. सेन्योर दे नाउ म्हणजे शब्दशः जहाजाचा धनी. पण तो बऱ्याचदा जहाज चालवणाराही असायचा आणि बाकी भागीदारांपैकी एकही असायचा. आपल्या कोकणात नाखवा म्हटलं की होडीचा मालक आणि ती नेणारा, दोन्ही अर्थ येतात, तसंच हे. इंग्रजीत मालक, कप्तान आणि व्यवस्थापक हे तीन वेगळे शब्द आहेत. कोर्टात यातला कोणता शब्द वापरला, त्यावर नुकसानीचे पैसे कोण देणार हे ठरतं.

ज्यांनी कॅटलान किनाऱ्यावरच्या पारंपरिक जहाजांची नावं इंग्रजीत न्यायचा प्रयत्न केला, त्या सगळ्यांना अशा खड्ड्यांतून जावं लागलं आहे. काही नमुने पाहा.

लाउत. हे एका डोलकाठीचं, तिरक्या शिडाचं छोटं जहाज. मासेमारीला आणि किनाऱ्याच्या व्यापाराला चालायचं. पण कॅटलानमध्ये लाउत म्हणजे ल्यूट हे तंतुवाद्यसुद्धा. शब्दकोश उघडून पहिला अर्थ उचलला, तर बंदरात मासे घेऊन वाद्य येईल.

कोका. हे उत्तर युरोपातून आलेलं, उंच बाजूंचं मालवाहू जहाज. इंग्रजीत त्याला कॉग म्हणतात. पण कॅटलान घरात कोका म्हणजे सणाला भाजतात ती चपटी पाव-केकसारखी वस्तू. शब्द एकच, पण जहाज वेगळं आणि खाऊ वेगळा.

बार्का दे मिट्जाना. मिट्जाना म्हणजे मागची डोलकाठी किंवा तिचं शीड. इंग्रजीत त्याच कुळातला मिझन हा शब्दही मागच्या डोलकाठीसाठीच आहे. पण फ्रेंचमध्ये त्याच कुळातला मिझेन हा शब्द पुढच्या डोलकाठीला लावतात. म्हणजे फ्रेंच भाषांतरावर विसंबून इंग्रजी भाषांतर केलं, तर डोलकाठी जहाजाच्या एका टोकावरून दुसऱ्या टोकाला जाते.

काही शब्द मात्र अलगद जातात. गालेराला गॅली, कार्राकाला कॅरॅक, शाबेकला झेबेक. कारण इंग्रज खलाशांनी ते आधीच उचलले होते. आणि शाबेक किंवा घोडे वाहून नेणारी तारिदा हे शब्द कॅटलानमध्येही अरबीतून आले होते.

हा प्रवास आपल्या किनाऱ्यालाही नवा नाही. कान्होजी आंग्रे यांच्या आरमारातली गुराब आणि गलबतं मुंबईच्या इंग्रजांना रोज दिसत होती. त्यांनी भाषांतराच्या भानगडीत न पडता ग्रॅब आणि गॅलिव्हॅट असं लिहून टाकलं. गुराब हा शब्दही मुळात अरबी, अर्थ कावळा. अरबी बोलणाऱ्या दर्यावर्दींनी जहाजांची नावं दोन्ही बाजूंना पोहोचवली, कॅटलान किनाऱ्यावरही आणि कोकणातही.

समोरचं पान

ट्विस यांच्या आधी दोघांनी या ग्रंथावर मोठं काम केलं होतं. बार्सिलोनाचे आंतोनी दे कापमानी यांनी १७९१ मध्ये तो स्पॅनिशमध्ये आणला. गंमत म्हणजे कापमानी स्वतः कॅटलान होते, पण आपली मातृभाषा साहित्य-विद्येच्या जगात संपली आहे असं त्यांचं मत होतं. नंतर फ्रान्सचे कायदेपंडित पार्देसू यांनी सागरी कायद्यांच्या आपल्या मोठ्या संग्रहात त्याचं फ्रेंच भाषांतर दिलं.

ट्विस यांनी तो इंग्रजी वाचकांपुढे ठेवताना एक साधी पण महत्त्वाची गोष्ट केली. कॅटलान मजकूर गाळला नाही. डावीकडे मूळ आणि उजवीकडे भाषांतर, अशी मांडणी ठेवली.

याचा अर्थ असा की लेन्यसाठी निवडलेला इंग्रजी शब्द एखाद्याला पटला नाही, तर तो नजर फिरवून मूळ शब्द पाहू शकतो आणि भाषांतरकाराची चूक पकडू शकतो. ज्याची भाषा आहे, त्याचं म्हणणं पानावर शिल्लक राहतं.

ही गोष्ट लक्षात ठेवा, कारण पुढे ती परत येणार आहे.

खटला

आता मागे जाऊ, १८६२ मध्ये. ट्विस तेव्हा ५३ वर्षांचे होते. त्यांनी जर्मनीतल्या ड्रेस्डेन शहरात लग्न केलं. पत्नीचं नाव मारी फारियाल्द रोझालिंद व्हान लिन्सील. त्या पोलंडमधल्या एका सेनाधिकाऱ्याची मुलगी आहेत, असं सांगितलं गेलं. पुढे त्यांना राणीच्या दरबारात रीतसर सादर करण्यात आलं. त्या काळात हा मान म्हणजे प्रतिष्ठित घराण्यांत शिरण्याचा परवानाच होता.

मग अलेक्झांडर चॅफर्स नावाचा एक वकील पुढे आला. त्याचं म्हणणं होतं की लेडी ट्विस या कोणा अधिकाऱ्याची मुलगी नाहीत. त्या बेल्जियमहून आलेली आणि लंडनमध्ये वेश्याव्यवसाय केलेली स्त्री आहेत, आणि तो त्यांना तेव्हापासून ओळखतो. त्याने पैसे मागितले. ट्विस यांनी एकदा दिलेही. पण तो थांबला नाही. त्याने शपथेवर लेखी निवेदन केलं आणि ते बड्या लोकांपर्यंत पोहोचवलं.

ट्विस दांपत्याने त्याच्यावर बदनामीचा खटला भरला. मार्च १८७२ मध्ये सुनावणी सुरू झाली. लेडी ट्विस यांची उलटतपासणी दिवसामागून दिवस चालली. वर्तमानपत्रांनी शब्द न् शब्द छापला. आणि मग त्या देश सोडून गेल्या.

तक्रारदारच नाही म्हटल्यावर खटला कोसळला. चॅफर्सला सोडून देताना मॅजिस्ट्रेटने त्याला कडक शब्दांत सुनावलं. पण नुकसान व्हायचं ते झालं होतं. ट्विस यांनी क्वीन्स ॲडव्होकेटपासून चर्चच्या न्यायाधीशपदापर्यंत सगळं सोडलं. लेडी ट्विस यांना दरबारात सादर केल्याची नोंद सरकारी राजपत्रातून जाहीरपणे रद्द करण्यात आली.

क्वीन्स ॲडव्होकेट हे शेकडो वर्षांचं पद त्यानंतर पुन्हा कधीच भरलं गेलं नाही.

या प्रकरणात एक गोष्ट विसरायला नको. त्याच लंडनमध्ये अनेक प्रतिष्ठित पुरुषांचे लग्नाबाहेरचे संबंध सर्वांना ठाऊक होते. त्यावरून कोणाची दरबारातली नोंद खोडली गेली नव्हती. शिक्षा झाली ती एका स्त्रीला, आणि तिच्याशी उघडपणे लग्न करून तिला आपलं नाव देणाऱ्या पुरुषाला.

पुस्तकांच्या आडोशाला

६३व्या वर्षी ट्विस यांच्याकडे पद नव्हतं, विद्यार्थी नव्हते, अशील नव्हते. जुने कागद मात्र होते.

ते कामाला लागले. ब्लॅक बुकचा दुसरा खंड १८७३ मध्ये आला. कॅटलान कायद्यांचा तिसरा खंड १८७४ मध्ये. चौथा १८७६ मध्ये. त्यानंतर त्यांनी ब्रॅक्टन या १३व्या शतकातल्या इंग्लिश कायदेपंडिताचा लॅटिन ग्रंथ भाषांतरासह ६ खंडांत काढला. १८७८ ते १८८३ अशी वर्षं त्यात गेली.

या कामात चुका नव्हत्या असं नाही. ब्रॅक्टनच्या आवृत्तीवर तर पुढच्या पिढीच्या अभ्यासकांनी चांगलीच टीका केली आणि ते काम नव्याने करावं लागलं. पण त्यांना त्या चुका दाखवता आल्या, कारण मूळ लॅटिन समोर छापलेलं होतं.

राजा लिओपोल्ड यांचं काम

१८८० च्या दशकात ट्विस यांचं नाव पुन्हा वर आलं, पण वेगळ्या कारणाने.

बेल्जियमचे राजे दुसरे लिओपोल्ड यांना आफ्रिकेत वसाहत हवी होती. बेल्जियमच्या सरकारला त्यात रस नव्हता. म्हणून राजांनी एक खासगी संघटना उभी केली. विज्ञान, व्यापार आणि गुलामगिरीविरोध असा तिचा बाहेरचा चेहरा होता. शोधक हेन्री स्टॅन्ली आणि त्यांच्या माणसांनी काँगो नदीच्या खोऱ्यात फिरून स्थानिक प्रमुखांकडून शेकडो करारांवर खुणा करून घेतल्या.

प्रश्न कायद्याचा होता. एक खासगी संघटना जमिनीची सार्वभौम मालक होऊ शकते का? ती राज्य होऊ शकते का?

ट्विस यांनी होकारार्थी उत्तर दिलं. त्यासाठी जुना इतिहास काढला. बाल्टिक किनाऱ्यावर राज्य करणारा ट्यूटॉनिक सरदारांचा संघ, माल्टावर राज्य करणारे सेंट जॉनचे सरदार. हे राजे नव्हते, देशही नव्हते, तरी त्यांनी राज्य केलं. मग आजच्या संघटनेने का करू नये? ज्या मराठी वाचकाला ईस्ट इंडिया कंपनी माहीत आहे, त्याला हा युक्तिवाद कुठे जातो ते वेगळं सांगायला नको.

नोव्हेंबर १८८४ ते फेब्रुवारी १८८५ या काळात बर्लिनमध्ये आफ्रिकेबद्दलची परिषद भरली. ट्विस तिथे कायदेशीर सल्ल्यासाठी हजर होते. लिओपोल्ड यांच्या विनंतीवरून त्यांनी नव्या काँगो राज्याच्या घटनेचा मसुदा तयार केला. १८८५ मध्ये काँगो फ्री स्टेट अस्तित्वात आलं. नाव स्वतंत्र राज्याचं, मालक एकच माणूस.

पुढे काय झालं ते जगाला माहीत आहे. रबराच्या सक्तीपायी गावं जाळली गेली, माणसांचे हात तोडले गेले, लाखो लोकांचा जीव गेला. १९०८ मध्ये बेल्जियमच्या सरकारने ते राज्य लिओपोल्ड यांच्याकडून आपल्या ताब्यात घेतलं.

आता ते समोरचं पान आठवा. कॅटलान खलाशांचे शब्द इंग्रजीत नेताना ट्विस यांनी मूळ शब्द शेजारी ठेवले होते. खलाशी ५०० वर्षांपूर्वी मेले होते, तरी त्यांचं म्हणणं तपासता येत होतं. काँगोच्या करारांना असं समोरचं पान नव्हतं. ज्या प्रमुखांनी खुणा केल्या, त्यांना वाचता न येणाऱ्या युरोपीय भाषांत ते लिहिले होते. जमीन देणं या शब्दांचा त्यांच्या भाषेत काय अर्थ होतो, हे बर्लिनमध्ये कोणी विचारलं नाही. ज्यांच्याबद्दल परिषद होती, त्यातला एकही माणूस त्या सभागृहात नव्हता.

लेन्य म्हणजे नेमकं काय, याची काळजी घेणाऱ्या माणसाने राज्य या शब्दाबाबत ती घेतली नाही.

शेवट आणि नंतर

ट्रॅव्हर्स ट्विस यांचं १४ जानेवारी १८९७ रोजी लंडनमध्ये निधन झालं. वय ८७. काँगोतल्या अत्याचारांविरुद्ध मोठी मोहीम उभी राहिली ती त्यानंतर.

चॅफर्सचीही एक शेवटची नोंद आहे. त्याने पुढची अनेक वर्षं राजपुत्रापासून न्यायाधीशांपर्यंत कोणावरही खटले भरण्यात घालवली. अखेर ब्रिटिश संसदेने १८९६ मध्ये विनाकारण खटले भरणाऱ्यांना रोखणारा कायदा केला. त्या कायद्याखाली पहिली बंदी आली ती याच चॅफर्सवर.

ट्विस यांचं आयुष्य बराच काळ तळटिपांतच राहिलं. २०२१ मध्ये इतिहासकार ॲन्ड्र्यू फिट्झमॉरिस यांनी त्यांच्यावर मोठा ग्रंथ लिहिला आणि लग्न, खटला आणि काँगो ही प्रकरणं एकमेकांशी जोडून दाखवली.

कॅटलान सागरी कायद्याचं दुसरं इंग्रजी भाषांतर स्टॅन्ली जॅडोस यांनी केलं. ते अमेरिकेत १९७५ मध्ये प्रकाशित झालं, म्हणजे ट्विस यांच्यानंतर १०० वर्षांनी.

आणि जहाजांच्या नावांचा वाद अजून मिटलेला नाही. बार्सिलोनाजवळच्या माताRó गावातल्या एका प्रार्थनास्थळात १५व्या शतकातल्या जहाजाची लाकडी प्रतिकृती होती. आज ती नेदरलँड्समधल्या रॉटरडॅमच्या सागरी संग्रहालयात आहे. तिला वर्षानुवर्षं माताRोची कोका म्हटलं गेलं. पण अनेक अभ्यासकांच्या मते ती कोका नाही, नाउ आहे. इंग्रजीत लिहिणारे बऱ्याचदा माताRो शिप किंवा माताRो मॉडेल असं म्हणून या वादातून बाजूला होतात.

कोका की नाउ, हा वाद आज कोणीही नव्याने उघडू शकतं. प्रतिकृती संग्रहालयात आहे आणि मूळ कॅटलान शब्द छापील पानावर आहेत. काँगोच्या प्रमुखांनी नेमकं काय कबूल केलं होतं, हे तपासायला मात्र असं पान कोणी ठेवलं नाही.